अंकी की अक्षरी?

आज सुरुवातीलाच एक सोपे गणित घालतो. पुण्यातील वारजे या भागाचा पिनकोड आहे ४११०५८ आणि डेक्कन जिमखान्याचा ४११००४. या दोन्हींची बेरीज किती?

“८,२२,०६२” असे तुम्ही पटकन सांगाल. बेरीज अगदी बरोबर आहे. पण हे उत्तर आहे तरी कशाचे? वारजे अधिक डेक्कन जिमखाना म्हणजे काय? ८ या अंकाने सुरू होणारे पिनकोड बिहार-झारखंडकडचे असतात. पुण्यातले दोन भाग एकत्र केल्यावर आपण बिहारात जाऊन पोहोचलो की काय?

आणखी एक गंमत पाहा. वारज्याला लागून मुंबई-बंगळुरू महामार्ग जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ४ होता. २०१० साली देशातील राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले गेले आणि हा झाला ४८. म्हणजे रस्ता बारा पट रुंद झाला का? अर्थातच नाही. रस्ता तोच, फक्त त्याचे नाव बदलले.

पिनकोड आणि महामार्गाचा क्रमांक दिसतात संख्येसारखे, पण ती खरी नावेच आहेत. अक्षरांऐवजी अंकांनी लिहिली, एवढेच. हा फरक तुम्हाला-मला न सांगता कळतो. गणकयंत्राला मात्र तो कोणीतरी सांगावा लागतो. सांगितला नाही, तर ते आपल्या मनाने अंदाज करते. आणि तो अंदाज चुकला, तर पुण्याचा फोन लागत नाही, शाळेची घंटा भलत्याच वेळी होते, आणि गुणांची यादी ज्याने पाहू नये त्याच्या हाती पडते. हे सारे कसे घडते आणि कसे टाळायचे, ते आज पाहू.

अंकांनी लिहिलेले नाव

पिनकोडाची पद्धत आपल्या देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिची आखणी केली टपाल खात्यातील एका मराठी अधिकाऱ्याने. त्यांचे नाव श्रीराम भिकाजी वेलणकर. हे गृहस्थ संस्कृतचे पंडित आणि कवीही होते. देशात एकाच नावाची गावे पुष्कळ, आणि पत्ते लिहिले जातात अनेक भाषांत व लिप्यांत. एकट्या पुणे जिल्ह्यातच वडगाव बुद्रुक आहे, वडगाव शेरी आहे आणि वडगाव मावळही आहे. पाकिटावर नुसते “वडगाव” लिहिले, तर टपालवाल्याने जायचे कोठे? म्हणून प्रत्येक वाटप कार्यालयाला सहा अंकांचे एक निराळे नाव दिले गेले.

या नावात मोठी शिस्त आहे. पहिला अंक ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा विभाग. पहिले तीन अंक ४११ म्हणजे पुणे. शेवटचे ०५८ हे टपाल कार्यालयाची खूण. ०५८ मधले शून्य पाहा. गणिताच्या तासाला ०५८ आणि ५८ यांत फरक नाही, डावीकडच्या शून्याला काही किंमत नाही. नावात मात्र त्याला पूर्ण किंमत आहे. ते गळले, तर पत्ताच बदलतो.

तुमच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख दोनदा लिहितात. एकदा “अंकी” आणि एकदा “अक्षरी”. आजच्या लेखात हेच दोन शब्द आपण थोड्या वेगळ्या अर्थाने वापरू. ज्याची बेरीज-वजाबाकी करता येते, ते अंकी. जे जसेच्या तसे ठेवायचे असते, ते अक्षरी. मग ते अंकांनी लिहिलेले का असेना. गणकयंत्रात प्रत्येक माहितीला असा एक प्रकार असतो. तिसरा प्रकारही आहे, ज्याला फक्त दोनच उत्तरे असतात: होय किंवा नाही. इंग्रजीत त्यांना “ट्रू” आणि “फॉल्स” म्हणतात. तर्काचे बीजगणित मांडणारा इंग्रज गणिती जॉर्ज बूल (१८१५–१८६४) याच्या नावावरून या प्रकाराला “बूलियन” हे नाव पडले.

शंभर यंत्रे, एक साचा

तुम्ही घरी वापरता तो संगणक एकट्याचा असतो. पण रेल्वेचे तिकीट, बँकेचे पासबुक, परीक्षेचा निकाल अशी हजारो लोकांची कामे एकाच वेळी करणारे संगणक निराळे. त्यांना “सर्व्हर” म्हणतात. वारज्याहून महामार्गाने उत्तरेकडे गेले, की वाकडवरून हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानाकडे जाता येते. अशा ठिकाणच्या कित्येक अभियंत्यांचे काम या सर्व्हरांची देखभाल करणे हेच असते.

प्रत्येक सर्व्हरला काही गोष्टी आधी सांगून ठेवाव्या लागतात. तुझे नाव काय, कोणत्या दाराने लोकांना आत घ्यायचे, काम कधी सुरू करायचे, कोणती फाईल कोणाला दाखवायची, वगैरे. या सूचनांच्या फाईलला “कॉन्फिगरेशन” म्हणतात. आपण तिला सूचनापत्र म्हणू. सर्व्हर एक-दोन असतील, तर सूचनापत्र हाताने लिहिता येते. पण मोठ्या यंत्रणा अशा थोड्यांवर भागत नाहीत. पुण्याच्याच “एका” या महासंगणकाचे उदाहरण घ्या. नोव्हेंबर २००७ मध्ये जगातील ५०० वेगवान संगणकांच्या यादीत तो चौथा आला होता. असा महासंगणक म्हणजे एक अजस्र यंत्र नसते. हजाराहून अधिक संगणक एकत्र जोडून ते काम करीत असतात. इतकी सूचनापत्रे हाताने कोण लिहीत बसणार?

येथे साचा मदतीला येतो. शाळेच्या कचेरीत दाखल्याचा छापील नमुना असतो ना? “दाखला देण्यात येतो की, कु. ........ ही इयत्ता ........ मध्ये शिकत आहे.” मजकूर एकच, गाळलेल्या जागा तेवढ्या भरायच्या. सर्व्हरांसाठीही असाच साचा लिहितात. त्यात गाळलेल्या जागी महिरपी कंसांत एक नाव असते. त्याला “चल” म्हणतात. बीजगणितातला क्ष असतो ना, त्याचाच हा भाऊ. एका वेगळ्या यादीत प्रत्येक सर्व्हरसाठी त्या चलाची किंमत लिहून ठेवायची, की बाकीचे काम यंत्र करते.

हे काम करणारी साधने अनेक आहेत. त्यांतले “अ‍ॅन्सिबल” हे २०१२ साली मायकेल डीहान याने तयार केले. हा शब्द मुळात उर्सुला ले ग्विन या लेखिकेच्या विज्ञानकथांतला आहे; तिच्या कथांत अ‍ॅन्सिबल म्हणजे ग्रहताऱ्यांमध्ये क्षणात निरोप पोहोचविणारे यंत्र. साच्यातील गाळलेल्या जागा भरण्याचे काम अ‍ॅन्सिबल “जिंजा” नावाच्या दुसऱ्या साधनाकडून करून घेते. जिंजा म्हणजे जपानी भाषेत देऊळ. देवळाला इंग्रजीत “टेंपल” आणि साच्याला “टेंप्लेट”, यावरून केलेली ही कोटी आहे! आणि किमतींची यादी लिहितात “यॅमल” नावाच्या सोप्या पद्धतीने. आजच्या गोष्टीतला खोडकर मुलगा म्हणजे हे यॅमल.

समजा, पुणे शहरातील शंभर शाळांना प्रत्येकी एक छोटा सर्व्हर द्यायचा आहे. वारज्याच्या शाळेची यादी अशी असेल:

पिन: ४११०५८
एसटीडी: ०२०
शाळेची_वेळ: १२:३०
पुस्तकाची_आवृत्ती: ३.१०
गुणयादीची_परवानगी: ०६४०

प्रत्यक्षात ही यादी इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत लिहितात. येथे वाचायला सोपे जावे म्हणून मराठीत दिली आहे. दिसायला किती स्वच्छ! पण या पाच ओळींपैकी चार ओळींत सापळा आहे. एकेक पाहू.

पुणे झाले सोळा

यॅमलची खासियत अशी, की त्यात शब्दांभोवती अवतरणचिन्हे द्यावी लागत नाहीत. लिहिणाऱ्याचे श्रम वाचतात. पण मग ०२० हे अंकी की अक्षरी, हे यॅमल वाचणाऱ्या यंत्राला कळावे कसे? ते रूप पाहून ठरवते. नुसते अंक दिसले, की संख्या.

इथवर ठीक होते. पण २००५ सालच्या यॅमल १.१ या आवृत्तीत आणखी एक नियम होता: शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीची समजावी. आपण दशमान पद्धतीत एकक, दहक, शतक मोजतो. अष्टमान पद्धतीत ही घरे १, ८, ६४, ५१२ अशी आठपटीने वाढतात आणि अंक फक्त ० ते ७ असतात. आता ०२० सोडवा. ८ च्या घरात २ म्हणजे १६, आणि १ च्या घरात ०. झाले! पुण्याचा एसटीडी क्रमांक ०२० यंत्राने १६ असा वाचला.

इतर गावांचे काय होते, पाहा:

मुंबई ०२२ — १८
कोल्हापूर ०२३१ — १५३
नाशिक ०२५३ — १७१
नागपूर ०७१२ — ४५८
लातूर ०२३८२ — ०२३८२
पणजी ०८३२ — ०८३२

लातूर आणि पणजी कशी वाचली? त्यांच्या क्रमांकात ८ आहे, आणि अष्टमान पद्धतीत ८ हा अंकच नाही! म्हणून यॅमल १.१ चे नियम पाळणारी काही साधने तो मजकूर संख्या मानत नाहीत. अक्षरी म्हणून तसाच ठेवतात. हाच या चुकीचा सर्वांत फसवा भाग आहे. तुम्ही यादी पणजीच्या शाळेवर तपासून पाहिली, तर सारे छान दिसेल. पुण्यात मात्र फोन लागणार नाही.

पुढे २००९ साली यॅमल १.२ आले आणि हा नियम काढून टाकला गेला. पण जुन्या नियमांची साधने आजही सर्रास वापरात आहेत. त्यामुळे तीच फाईल एका साधनाला ०२० म्हणजे १६ सांगते, तर दुसऱ्याला २०. आणि उत्तरे दोन्ही चूक!

घटका-पळांचे यॅमल

आता शाळेची वेळ. १२:३० असे लिहिले, तर यॅमल १.१ त्याचे काय करते? ७५०! हा आकडा कोठून आला? १२ गुणिले ६० अधिक ३०. म्हणजे साडेबारा तासांची मिनिटे झाली.

यॅमलने यात साठ-मान पद्धतीचा नियम लावला. प्राचीन बॅबिलोनियातील लोक ६० च्या पटीत मोजत. आपल्याकडेही ६० पळांची एक घटका आणि ६० घटकांचा एक दिवस-रात्र अशी मोजणी होती. आजही तासाची मिनिटे आणि मिनिटाचे सेकंद ६० च आहेत. मधे विसर्गासारखे दोन टिंब दिसले, की जुने यॅमल ही पद्धत लावते. पण सकाळच्या शाळेची वेळ ०७:१० अशी लिहिली, तर ती अक्षरीच राहते, कारण या नियमात पहिला अंक शून्य चालत नाही. म्हणजे सकाळची शाळा वेळेवर भरेल आणि दुपारची घंटा मात्र ७५० वाजण्याची वाट पाहत बसेल!

पुस्तकाच्या आवृत्तीचेही तसेच. सरावसंच १.१ आणि सरावसंच १.१० हे वेगळे आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. एक पहिला, दुसरा दहावा. पण दशांश अपूर्णांक म्हणून १.१ आणि १.१० एकच. म्हणून ३.१० ही आवृत्ती यंत्र ३.१ समजते. पायथन या संगणकभाषेची ३.१० ही आवृत्ती ऑक्टोबर २०२१ मध्ये आली, तेव्हा ज्यांनी अवतरणचिन्हे दिली नव्हती, त्यांच्या यंत्रांनी कित्येक वर्षांपूर्वीची ३.१ शोधायला सुरुवात केली.

परक्याला मुभा, गुरुजींना मनाई

आता शेवटची ओळ. येथे प्रश्न नुसत्या गंमतीचा राहत नाही.

सर्व्हरवरील प्रत्येक फाईलला परवानगीचे तीन अंक असतात. पहिला फाईलच्या मालकासाठी, दुसरा त्याच्या गटासाठी, तिसरा बाकी सर्वांसाठी. वाचण्याचे ४ गुण, लिहिण्याचे २, आणि कार्यक्रम म्हणून चालविण्याचा १. जेवढी मुभा द्यायची, त्यांची बेरीज करायची. गुणांच्या यादीसाठी आपण ६४० ठरवले. मुख्याध्यापक मालक; त्यांना ४ + २ = ६, म्हणजे वाचा आणि लिहा. शिक्षकांच्या गटाला ४, म्हणजे नुसते वाचा. बाकीच्यांना ०. हे अंक अष्टमान पद्धतीचे असतात, म्हणून पुढे शून्य लावून ०६४० असे लिहितात.

यॅमलने ते बरोबर अष्टमान समजून वाचले: ६ × ६४ अधिक ४ × ८, म्हणजे ४१६. ही किंमत संख्या म्हणून पुढे गेली, तर काही बिघडत नाही. पण साच्याचे काम काय? गाळलेली जागा अक्षरांनी भरणे! साच्यातून बाहेर पडली “४१६” ही तीन अक्षरे. पुढच्या साधनाने ती परवानगीचे अंक समजून वाचली, तर काय होईल? मालकाला ४: मुख्याध्यापकांनी नुसते वाचायचे. शिक्षकांना १: वाचायची बंदी. आणि बाकी सर्वांना ६: वाचा, आणि लिहासुद्धा!

पाहिलेत? लिहिणाऱ्याने ०६४० अगदी बरोबर लिहिले होते. बेरीज कोणी चुकली नाही. संख्येचे अक्षर झाले, अक्षराची पुन्हा संख्या झाली, आणि या वेशांतरात गुणांची यादी साऱ्या गावाला उघडी पडली. बरे, शून्य न देता नुसते ६४० लिहिले, तर ते दशमान ठरते. दशमान ६४० म्हणजे अष्टमान १२००. मग मालकाला नुसते लिहिता येते, स्वतःचे लिहिलेले वाचता येत नाही, आणि बाकी कोणाला काहीच करता येत नाही!

“नाही” म्हणजे होय

आता तिसऱ्या प्रकाराकडे वळू. समजा, पाहुण्यांना आत घ्यायचे की नाही, यासाठी एक चल आहे आणि त्याची किंमत आपण “फॉल्स” अशी दिली. साच्यात अट आहे: हा चल सत्य असेल, तर दार उघड. दार उघडेल का?

फॉल्स ही बूलियन किंमत असेल, तर उघडणार नाही. पण ती अक्षरी असेल, तर उघडेल! कारण जिंजाच्या नियमाप्रमाणे रिकामा नसलेला कोणताही मजकूर सत्य मानला जातो. “फॉल्स” या शब्दात अक्षरे आहेत, म्हणजे तो रिकामा नाही, म्हणजे सत्य. यंत्राने शब्दाचा अर्थ पाहिलाच नाही. आपल्याकडे म्हणतात ना, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तसलाच हा प्रकार. आणि ही किंमत अक्षरी होते कशी? अ‍ॅन्सिबलला आज्ञा देताना “चल = किंमत” अशा रूपात किंमत दिली, तर ती नेहमी अक्षरीच धरली जाते.

याच्या उलटही घडते. जगातील प्रत्येक देशाला दोन इंग्रजी अक्षरांची एक खूण आहे. भारताची “आयएन”, तर नॉर्वेची “एनओ”. पण एन आणि ओ मिळून इंग्रजीत “नो” होते! यॅमल १.१ मध्ये “नो” म्हणजे बूलियन नाही. देशांची यादी केली, की सारे देश आपापल्या जागी असतात आणि नॉर्वेच्या जागी नुसता नकार. संगणकाच्या लोकांत ही चूक नॉर्वेच्या नावानेच ओळखली जाते.

या चुका फक्त सर्व्हरपुरत्या आहेत, असे समजू नका. तक्तापत्रकात, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये, काही जनुकांची संक्षिप्त नावे लिहिली, की ती मार्च आणि सप्टेंबर महिन्यांतल्या तारखा होऊन बसत. शेवटी २०२० साली शास्त्रज्ञांनी त्या जनुकांचीच नावे बदलली. आणि ४ जून १९९६ रोजी युरोपचे “एरियान ५” हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. कारण? ६४ बिटांच्या घरात मावणारी एक संख्या १६ बिटांच्या घरात कोंबण्याचा प्रयत्न झाला. त्या घरात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावतच नाही.

दुरुस्ती कशी करायची?

पहिला उपाय: एक प्रश्न विचारा. “यात १ मिळवला, तर काही अर्थ होतो का?” खडकवासला धरणातील पाण्यात १ मिळवा, पाणी वाढले, अर्थ झाला. म्हणजे ते अंकी. वारज्याच्या पिनमध्ये १ मिळवा. वारजे वाढले नाही. म्हणजे ते अक्षरी. पिन, फोन, आवृत्ती, परवानगी, हजेरीचा क्रमांक ही सारी अंकांची नावे. त्यांना यादीत अवतरणचिन्हांत ठेवावे: “०२०”, “१२:३०”, “३.१०”, “०६४०”.

दुसरा उपाय: अवतरणचिन्ह दोन ठिकाणी लागते, हे विसरू नका. यादी वाचताना यंत्र अवतरणचिन्हे काढून घेते आणि आतला मजकूर ठेवते. तो मजकूर साच्यातून दुसऱ्या यॅमल फाईलमध्ये उतरला, की पुन्हा उघडा ०२० होतो. ती फाईल वाचणारे पुढचे यंत्र त्याचे पुन्हा १६ करते. पहिल्या उंबऱ्यावर छत्री मिटली, तर दुसऱ्या अंगणात भिजणारच. म्हणून साच्यातही गाळलेल्या जागेभोवती अवतरणचिन्हे द्यावी लागतात. किंवा जिंजामधील “टुजेसन” ही चाळणी वापरावी. ती अक्षरी मजकुराला अवतरणचिन्हे घालते आणि संख्येला घालत नाही.

तिसरा उपाय: चाळणी. चलापुढे एक उभी रेघ ओढून चाळणीचे नाव लिहिले, की किंमत तिच्यातून गाळून येते. “इंट” ही चाळणी मजकुराची पूर्ण संख्या करते. अ‍ॅन्सिबलची “बूल” ही चाळणी “फॉल्स” या शब्दाचा खरा नकार करते. मात्र इंटपासून जरा सावध राहा. तिला “दहा” असा शब्द दिला, तर ती तक्रार न करता शून्य परत देते!

मग सरसकट सगळ्यालाच अवतरणचिन्हे दिली, तर? तेही चालत नाही. अनेक सर्व्हर एकत्र हाकणाऱ्या “कुबरनेटिस” या साधनात दाराचा क्रमांक संख्याच असावा लागतो; अवतरणचिन्हांत दिला, तर ते नाकारते. उलट, कार्यक्रमाला द्यायच्या परिस्थितीच्या किमती अक्षरीच हव्यात. तेथे उघडी संख्या नाकारली जाते. पण या नाकारण्याबद्दल रागावू नका. चुका दोन जातींच्या असतात, बोलक्या आणि मुक्या. बोलकी चूक ओरडून काम थांबवते. मुकी चूक पुण्याचे सोळा करून गप्प बसते. बोलकी चूक केव्हाही बरी. अ‍ॅन्सिबलनेही २०२५ साली आलेल्या २.१९ या आवृत्तीपासून नियम कडक केला: अटीचे उत्तर खरोखरीचे होय किंवा नाही असलेच पाहिजे, नाहीतर काम थांबवून चूक दाखवायची. (२.१९ ही २.९ च्या आधीची समजला असाल, तर वरचा सरावसंच आठवा!)

चौथा उपाय आजीच्या स्वयंपाकघरातला: शितावरून भाताची परीक्षा. शंभर सर्व्हरांवर सूचनापत्र पाठवण्याआधी अ‍ॅन्सिबलला नुसती रंगीत तालीम करायला सांगता येते; काय बदलेल ते दाखव, पण बदलू नकोस. मग एका सर्व्हरवर प्रयोग करायचा आणि नंतर बाकीच्यांवर. आणि शीत निवडताना पणजीचे नव्हे, पुण्याचे निवडायचे. जेथे शून्य आहे, दोन टिंब आहेत, दशांशचिन्हापुढे शून्य आहे, तेथेच चूक लपते.

करून पाहा

१. शाळेच्या संगणकावर तक्तापत्रक उघडा. एका घरात इंग्रजी अंकांत ०२० लिहा आणि पुढच्या घरात जा. डावीकडचे शून्य कोठे गेले? आता आधी एक एकेरी अवतरणचिन्ह देऊन तेच लिहा. मग ३-४ असे लिहून पाहा. त्याचे काय होते?

२. चार जणांचा खेळ. पहिल्याने चिठ्ठीवर एक मजकूर लिहायचा: २३१, ९, १० किंवा ०२२. दुसऱ्याने तो अंकी समजून वाचायचा, तिसऱ्याने अक्षरी समजून. दोघांनी “तुझ्या मजकुराला ५ जोड” ही एकच आज्ञा पाळायची. चौथ्याने उत्तरे लिहून घ्यायची. ९ चे एकाकडे १४ होईल, दुसऱ्याकडे ९५. मग ९ आणि १० यांत आधी कोण, हे ठरवा. शब्दकोशाच्या क्रमाने १० आधी येते, कारण तेथे पहिले अक्षर पाहतात, आणि १ हा ९ च्या आधी! मोबाईलमधल्या फोटोंच्या यादीत १ नंतर १०, ११ आणि मग २ असा क्रम कधी दिसला असेल, तर त्याचे कारण आता कळले ना?

३. सोलापूरचा एसटीडी क्रमांक ०२१७ आणि अहिल्यानगरचा ०२४१. जुने यॅमल त्यांचे काय करील? गणित सोडवा. (उत्तरे: १४३ आणि १६१.)

४. तुमच्या दप्तरात, घरात आणि रस्त्यावर दिसणाऱ्या अंकांच्या दोन याद्या करा, अंकी आणि अक्षरी. बसचा क्रमांक, दुधाचे माप, इयत्ता, बूट-चपलेचा नंबर, विजेच्या मीटरवरचे युनिट, आधार क्रमांक. एखाद्याबद्दल वाद झाला, तर फार उत्तम! इयत्तेत १ मिळवला, तर अर्थ होतो. पण सातवी अधिक आठवी म्हणजे पंधरावी होत नाही. मग इयत्ता कोणत्या यादीत घालाल?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणतेही यंत्र तुम्हाला सांगणार नाही. इयत्तेचे पुढे काय करायचे आहे, हे ज्याला माहीत आहे, त्यालाच ते ठरवता येते. यंत्र मोजते वेगाने आणि बिनचूक. पण मोजायचे काय आणि नुसते जपायचे काय, हे यादी लिहिणाऱ्यानेच आधी सांगून ठेवायला हवे.